गाण्याची पट्टी मुखड्यावरून ठरवू नका
मुखडा आरामात जातो म्हणून पट्टी (म्हणजे गाण्याचा 'सा' कुठे धरायचा ते) फिक्स करतात आणि मग अंतऱ्यात आवाज चिरकतो, हे कायमचंच. आधी गाण्यातला सगळ्यात वरचा स्वर शोधा, तो शब्दासकट लांबवून बघा, कारण नुसत्या 'आ'वर लागणारा स्वर 'ई'वर बऱ्याचदा आवळतो. मूळ पट्टी काळी 4 (पेटीवरच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी) असेल आणि तिथे गळा ताणत असेल तर पांढरी 5, मग काळी 3 असं अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली या, पण खालचे स्वर पुटपुटल्यासारखे वाटायला लागले की थांबा. कीबोर्डवाल्याला ट्रान्सपोजचं (पट्टी वर-खाली सरकवायचं) बटण असतं, त्याची काळजी नको (हार्मोनियमवाला जरा कुरकुरेल). आणि हे सगळं गळा तापल्यावरच करा, सकाळी उठल्या उठल्या नाही.