गोव्याच्या कच्च्या वाटांसाठी सेकंडहँड मोठी डर्ट बाइक कशी निवडावी

सेकंडहँड डर्ट बाइक बघायला गेलं की बहुतेक जण आधी सीसी विचारतात, मग किंमत. गोव्यात त्याच्याही आधी विचारावं, की गाडी आजवर कुठे राहिली आणि कुठे फिरली. मांद्रे, मोरजी, कळंगुटच्या बाजूला उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीला खारा वारा खातो. डिचोली, सत्तरी, सांगेच्या खाणपट्ट्यात फिरलेल्या गाडीच्या पोटात लाल धूळ जाते. नवं प्लॅस्टिक आणि स्टिकर लावले की दोन्ही झाकलं जातं. म्हणून तपासणी आतून सुरू करायची.

आधी गाडीचा प्रकार ठरवा

कावासाकी केएलएक्स 450आर किंवा सुझुकी आरएम-झेड450 या गाड्या कधीमधी विकायला येतात. वजनाला हलक्या, ताकदीला जबरदस्त. पण आपल्याकडे त्यांची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, म्हणजे घरापासून वाटेपर्यंत पिकअपमधून न्यावी लागते. अशा इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल मावतं आणि चालवण्याचे तास मोजून ते बदलावं लागतं. व्हॉल्व्हची फट शिम (ठराविक जाडीची बारीक चकती) घालून जुळवावी लागते, आणि हे काम जाणणारा मेकॅनिक जवळ असायला हवा. शर्यतीच्या गाड्यांच्या रेडिएटरला बहुधा पंखाही नसतो. झाडीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळलं की त्या लगेच तापतात.

रविवारी मित्रांबरोबर फिरणाऱ्याला नंबरप्लेट असलेली गाडी बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. रॉयल एन्फिल्ड हिमालयन 411 सहज मिळते. तिला पुढे 21 इंची चाक आहे, सीट 800 मिलीमीटरवर आहे आणि इंजिन साधं आहे. अडचण वजनाची: गाडी जवळजवळ 200 किलोची. घेण्याआधी ती मऊ जमिनीवर आडवी करून एकट्याने उचलून बघा. (मालकाला विचारून, अर्थात.) जूनमध्ये सड्यावरच्या कातळावर शेवाळ धरलं की गाडी पडणारच, आणि दर वेळी मदतीला कुणी असेलच असं नाही. उचलताना पाठ बोलली, तर हिरो एक्सपल्स 200 बघा. ती मोठ्या गाड्यांत मोडत नाही, पण जवळपास 40 किलोंनी हलकी आहे, आणि अरुंद वाटेवर त्याचा फरक कळतो. केटीएम 390 अॅडव्हेंचरच्या पहिल्या मॉडेलला पुढे 19 इंची अलॉय चाक आहे. ती प्रवासाला छान, दगडांच्या वाटेला मी सुचवणार नाही.

इंजिन थंड असताना पोहोचा

मालकाला आधीच सांगून ठेवा, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर इंजिनला हात लावून बघा. गरम लागलं तर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन लगेच सुरू होत नसेल, तर रेसिंग गाडीत व्हॉल्व्हची फट कमी झाल्याची शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या वरच्या हेडमधलं सील) बघावी लागेल. ऑइलचा रंग दुधाळ दिसला, तर आत पाणी गेलंय. ओहोळात गाडी बुडाली होती का, हे तेव्हाच सरळ विचारा.

एअर फिल्टर उघडाच

पूर्ण तपासणीत माझ्या दृष्टीने हीच पायरी सगळ्यात मोलाची आहे, आणि हीच बहुतेक जण टाळतात. फिल्टर बाहेर काढा. तो मळलेला असेल तर घाबरू नका, त्याचं कामच ते. नंतर स्वच्छ फडकं बोटाला गुंडाळून फिल्टरच्या पलीकडे, इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आत फिरवा. फडकं कोरडं आणि स्वच्छ आलं तर ठीक. त्यावर तांबडी बारीक पूड आली, तर ती धूळ फिल्टरला चुकवून आत गेली आहे. आपल्या लाल मातीची ही पूड पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासून काढते. गाडी आज चांगली पळते म्हणून फसू नका. अशा गाडीला बोअर-पिस्टनचा खर्च धरूनच भाव सांगा, नाहीतर सोडून द्या.

किनाऱ्याकडच्या गाडीत साइड कव्हरच्या आतले वायरिंगचे कनेक्टर, स्पोकच्या मुळाशी असलेले निपल आणि इंजिनखालचे बोल्ट बघा. अॅल्युमिनियमवर पांढरी पूड, बोल्टवर तांबूस गंज आणि कनेक्टरमध्ये हिरवट थर दिसला, की पुढची दोन वर्षं इलेक्ट्रिकलच्या कटकटीत जातात.

मग सांगाडा

पुढचं चाक जमिनीपासून वर घ्या आणि फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) खालून धरून पुढे-मागे हलवा. खटखट लागली किंवा हँडल फिरवताना मधोमध अडकल्यासारखं वाटलं, तर कोनसेट (हँडलच्या दांड्याच्या बेअरिंग) गेला. मागचं चाक वर उचलताना आधी थोडं मोकळं हलून मग शॉकअप दबला, तर लिंकेजच्या (मागच्या शॉकअपला जोडणाऱ्या सांध्यांच्या) बेअरिंग संपल्या. फोर्कच्या नळीवर ऑइलची रेघ असेल तर सील बदलून भागतं, पण गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही टिकत नाही. बॅशप्लेट (इंजिनखालचा संरक्षक पत्रा) काढायला लावून फ्रेमच्या खालच्या नळ्या आणि वेल्डिंग बघा. चिऱ्याच्या दगडावर आपटल्याच्या खुणा तिथेच सापडतात. स्प्रॉकेटचे दात मांजराच्या नखासारखे वाकले असतील तर चेनसेट नवा लागेल. तो खर्च मोठा नाही, घासाघीस करायला उपयोगी पडतो.

चालवून बघताना तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावरून अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा. आवाज चढला आणि वेग वाढलाच नाही, तर क्लच घसरतोय. गाडी पूर्वी रेंट-अ-बाइकमध्ये काळ्या प्लेटवर धावली होती का, तेही विचारा.

कागद

चासी नंबर स्वतः आरसीशी जुळवा. गोव्यातल्या गोव्यात नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. कर्ज होतं तर फॉर्म 35, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28ची एनओसी आणि इथला रोड टॅक्स. गोव्यातल्या गोव्यात गाडी दिल्याचं विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. 'नाव नंतर करू' म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका. नोंदणी नसलेल्या रेसिंग गाडीचं मूळ बिल मागा, आयात केलेली असेल तर कस्टमचे कागदही.

हाती असलेल्या पैशांतला साधारण पाचवा हिस्सा दुरुस्तीला राखून ठेवा. गाडी घरी आली की इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल आणि (रेडिएटर असेल तर) कूलंट बदला, लिंकेज उघडून ग्रीस भरा. मग गावच्या ओळखीच्या कच्च्या रस्त्यावर थोडं फिरवा. समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. बागायतीतून जाणारी वाट असेल तर मालकाला आधी विचारून घ्या.