चलान ते जीआरएन (माल मिळाल्याची नोंद): दोन-तीन कंपन्यांमध्ये फिरणाऱ्या कामाचं सॉफ्टवेअर कसं मांडायचं

आधी लॅपटॉप बंद करा आणि नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपच्या गेटवर अर्धा दिवस जाऊन बसा. टेम्पो येतो, वॉचमन इनवर्ड रजिस्टरला गाडी नंबर, वेळ आणि चलान नंबर लिहून शिक्का मारतो, स्टोअरवाला नग मोजतो किंवा कंटाळा आला तर सरळ वजनकाट्यावर टाकतो, आणि क्वालिटीवाला चहा पिऊन आला की चार नग उचलून गेज लावतो. तुम्हाला जे सॉफ्टवेअर करायचंय त्याचं डिझाइन ह्या गेटवर आयतं मिळतं, मीटिंग रूममध्ये व्हाइटबोर्डवर नाही.

उदाहरण एकच घेऊ म्हणजे गोंधळ नको. नाशिकमधल्याच सातपूरची एक कंपनी लोखंडाचे राउंड बार पाठवते, अंबडचा व्हेंडर टर्निंग करतो, तिथनं माल परस्पर हीट ट्रीटमेंटला जातो आणि मग परत सातपूरला. तीन मालक, तीन हिशोब, आणि सॉफ्टवेअर म्हणाल तर एकाकडे मोठं ईआरपी (सगळ्या खात्यांचं मिळून एक सॉफ्टवेअर), दुसऱ्याकडे टॅली, तिसऱ्याकडे वही आणि व्हॉट्सअॅप. काम एकच पण ते पूर्ण कुणाच्याच मालकीचं नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे. आपल्या कंपनीच्या आत आपण दुसऱ्या खात्याच्या टेबलात डोकावून स्टेटस बदलू शकतो, शेजारच्या कंपनीत ते चालत नाही, आणि चाललं तरी करू नका, त्यांनी उद्या कॉलमचं नाव बदललं की तुमचा रविवार गेला.

तर पहिली पायरी: जिथे माल किंवा जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि कुणीतरी सही करतं, तिथेच सर्व्हिसची, म्हणजे बाहेरच्याने निरोप पाठवून वापरायच्या सॉफ्टवेअरच्या तुकड्याची, हद्द आखा. आमच्या उदाहरणात अशा जागा मोजून पाचेक निघतात, शेड्यूल दिलं, चलानवर माल पाठवला, माल मिळाला, माल पास किंवा रिजेक्ट झाला, बिल आलं. बाहेरच्या जगाला दाखवायच्या सर्व्हिसेस तेवढ्याच. व्हेंडरने कुठल्या मशीनवर काम लावलं, सेटिंग किती वेळ चाललं, हे त्याच्या घरातलं आहे, ते मागू नका, तो देणारही नाही आणि दिलं तरी खरं देणार नाही. आणि सर्व्हिस ठोक ठेवा. 'क्वांटिटी बदल', 'तारीख बदल' असली चिल्लर नको, 'हे घ्या पूर्ण चलान' असा एकच निरोप, ज्यात कागदावर असतं ते सगळं असेल.

दुसरं, कामाची शिट्टी कोण वाजवणार हे आधीच ठरवा. एका जागी बसलेलं इंजिन सगळ्यांना हुकूम सोडतं ते ऑर्केस्ट्रेशन, आणि प्रत्येकाने समोरच्याचा निरोप ऐकून आपापली पायरी उचलायची ते कोरिओग्राफी. अशा इंजिनला कामाचा क्रम सांगायची भाषा म्हणजे बीपीईएल, तिचं दुसरं व्हर्जन २००७ मध्ये स्टँडर्ड म्हणून आलं, कामाचा क्रम चित्रात काढायच्या बीपीएमएनचं दुसरं व्हर्जन २०११ मध्ये आलं, टूल्स भारी आहेत, मी स्वतः वापरतो, पण कंपनीच्या आत. दोन कंपन्यांच्या मध्ये हुकूम सोडणारं इंजिन बसवलं की मोठा गिऱ्हाईक म्हणतो इंजिन माझ्याकडेच, आणि मग ज्या छोट्या व्हेंडरकडे चार गिऱ्हाईक आहेत त्याच्याकडे चार पोर्टल, चार पासवर्ड, आणि ते भरायला एक पोरगा. मला विचाराल तर आत हवं तेवढं इंजिन चालवा, बाहेर फक्त निरोपांची देवाणघेवाण ठेवा. बीपीएमएनचं चित्र काढाच, पण त्यात प्रत्येक कंपनीचा पट्टा वेगळा ठेवा, पट्टा ओलांडून जाणारे जे बाण असतात तोच तुमचा करार, बाकी ज्याचं त्याने बघावं.

आता निरोपात काय असावं. इथे जरा थांबतो कारण प्रोजेक्ट बुडतात ते इथेच, टेक्नॉलॉजीत नाही. बार जातो किलोत आणि परत येतो नगात. समजा ५०० किलो बार पाठवला, एका नगाला कटिंग वेट ४१० ग्रॅम, फिनिश वेट ३२० ग्रॅम. १२०० नग निघाले. म्हणजे माल ३८४ किलो, टर्निंगचं स्क्रॅप १०८ किलो, आणि ८ किलोचे बारचे तुकडे उरले. हे तीनही आकडे निरोपात नसतील तर तुमचं सॉफ्टवेअर वर्षभर ११६ किलो गायब दाखवत राहील आणि दोन्हीकडचे अकाउंटंट एकमेकांना चोर समजतील. म्हणून प्रत्येक आकड्याबरोबर युनिट लिहाच, स्क्रॅप परत येणार की व्हेंडर विकणार तेही लिहा. पार्ट नंबर दोन्ही बाजूंचे ठेवा, ड्रॉइंगच्या रिव्हिजनसकट. वेळ पाठवताना तारखेबरोबर +०५:३० हवंच, सर्व्हर कुठे बसलाय काही सांगता येत नाही.

ओळखीचा नंबर म्हणून नुसता चलान नंबर घेऊ नका. एक एप्रिलला सगळ्यांचे नंबर परत एकपासून सुरू होतात, मग नव्या वर्षाचं १७ नंबरचं चलान जाऊन मागच्या वर्षीच्या १७ ला चिकटतं. जीएसटीआयएन (कंपनीचा जीएसटी नंबर), आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि नंबर, हे चार मिळून किल्ली करा. ई-इनव्हॉइसमधला ६४ अक्षरी आयआरएन, म्हणजे बिलाचा ओळख नंबर, ह्याच चार गोष्टींवरून बनतो, आणि म्हणूनच तेच बिल पुन्हा पाठवलं तर पोर्टल डुप्लिकेट म्हणून परत टाकतं. ही आयडिया सरळ उचला.

का ते सांगतो. माझ्या सुरुवातीच्या एका कामात रात्रपाळीत नेट गेलं, निरोप पोचला होता पण पोचल्याचं उत्तर परत आलं नाही, प्रोग्रामने शहाण्यासारखा अजून दोनदा पाठवला, आणि सकाळी ४८० नगांचे स्टॉकमध्ये १४४० झाले. तीन जीआरएन! स्टोअरवाल्याने मला रॅकपाशी नेलं आणि म्हणाला, दाखवा बरं कुठेत. त्या दिवसापासून नियम, एकच निरोप दहादा आला तरी परिणाम एकदाच व्हायला हवा आणि उत्तर दरवेळी तेच जायला हवं.

उत्तरंही तीन प्रकारची ठेवा. 'मिळालं', 'मान्य', आणि 'नाकारलं, कारण अमुक'. वेबवरून निरोप पाठवला की सर्व्हर उत्तरात जो एचटीटीपी कोड देतो, त्यातला २०२ म्हणजे फक्त मिळालं, तो बघून व्हेंडरने बिल काढायचं नाही. माल पास व्हायला दोन दिवस लागू शकतात, तोवर कुणाचंच प्रोग्राम वाट बघत अडकून बसायला नको. रिजेक्शनची कारणं क्वालिटीवाल्यांकडून लिहून घ्या, ओडी (बाहेरचा व्यास) अंडरसाइज, डेंट, हार्डनेस कमी, वगैरे. कारण लिहायला मोकळा डबा ठेवला तर सगळे 'एनजी' (नॉट गुड) लिहून मोकळे होतात आणि मग मशीनिंगवाला हीट ट्रीटमेंटवाल्याकडे बोट दाखवतो.

आता उलटं फिरणं. कंपन्यांमध्ये डेटाबेससारखं रोलबॅक, म्हणजे झालेलं काम पुसून पूर्वीसारखं करणं, नसतं, टेम्पो निघाला की निघाला. १९८७ मध्ये गार्सिया-मोलिना आणि सेलेम ह्या दोघांनी सागा नावाने हे मांडलं होतं, लांब कामाचे छोटे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला त्याची भरपाई करणारा उलटा तुकडा ठेवा. आपल्याकडे अकाउंटंट हे रोज करतो. ई-इनव्हॉइस २४ तासांच्या आत कॅन्सल होतं, त्यानंतर पोर्टलवर रद्द होत नाही, क्रेडिट नोट काढावी लागते. तसंच डिझाइन करा, जुनी नोंद पुसायची नाही, तिच्याकडे बोट दाखवणारी नवी उलटी नोंद टाकायची, आणि प्रत्येक पायरीला तिची उलटी पायरी कुठली हे आधीच कागदावर लिहायचं. जिची सापडत नाही ती पायरी शक्य तितकी शेवटी ढकला.

परस्पर माल जातो तिथे अजून एक भानगड. अंबडवरनं हीट ट्रीटमेंटला जाताना चलान मूळ कंपनी काढू शकते किंवा व्हेंडर, जीएसटीत दोन्ही चालतं, पण व्हेंडरने काढलं तर सातपूरला कळायला हवं ना. म्हणून 'माल पाठवला' हा निरोप दोघांना जाऊ द्या, घेणाऱ्याला आणि मालकाला. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडे काम करून घ्यायला, गेलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, मशिनरी तीन वर्षांत, डाय, जिग, फिक्स्चरला ती मुदत नाही. नाही आला तर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात. तेव्हा प्रत्येक चलानला टायमर लावा, आणि तो ३० दिवस आधी ओरडू दे, कारण आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) भरायच्या आदल्या रात्री ओरडून काही उपयोग नाही. (जुने लोक अजून ह्या चलानला जुन्या एक्साइज नियमाच्या नंबरावरून सत्तावन्न एफ फोरच म्हणतात, एक्साइज जाऊन इतकी वर्षं झाली तरी. स्क्रीनवर तेच नाव ठेवा, ट्रेनिंगचा अर्धा तास वाचतो.)

व्हर्जनचं थोडक्यात: नवीन फील्ड घालायचं ते ऐच्छिक, जुनं काढायचं नाही, आणि न ओळखीचं फील्ड आलं तर आपटायचं नाही. सिक्युरिटीत प्रत्येक पार्टनरला आत शिरायची वेगळी किल्ली, एकाला दुसऱ्याचा रेट दिसला तर सॉफ्टवेअर राहू द्या, धंदाच जाईल.

वहीवाल्या व्हेंडरला एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची सोय) वगैरे समजावत बसू नका. त्याला मोबाइलवर एक पान द्या, चलान नंबर, नग, फोटो, बस्स, मागे तुमचा अॅडॅप्टर, म्हणजे रूप बदलणारा छोटा प्रोग्राम, त्याचा व्यवस्थित निरोप बनवेल. पोर्टल, टॅली, ईडीआय (कंपन्यांमध्ये कागद पाठवायची ठरलेली इलेक्ट्रॉनिक पद्धत), कशातूनही येऊ दे, आत शिरताना एकच रूप.

सुरुवात एका व्हेंडरने, एका पार्टने करा, आणि दोन महिने कागदी रजिस्टर बरोबरीने चालू ठेवा, रोज संध्याकाळी दोन्ही जुळवा. जे चलान जुळणार नाही तिथे आधी वॉचमनच्या रजिस्टरातली वेळ बघा, मग तुमचा लॉग. माझ्या अनुभवात बऱ्याच वेळा वॉचमन बरोबर निघाला.