हाताने कोरीवकाम करताय? डिझाइनचं सॉफ्टवेअर निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

करंड्याचं झाकण, पेल्याचा काठ, कडं, अंगठीचा माथा. चांदीवर ग्रेव्हरने (धातू कोरायच्या टोकदार हत्याराने) नक्षी कोरणाऱ्याला संगणकाकडून फार थोडं हवं असतं. मापात बसलेली बारीक, स्वच्छ रेषा कागदावर किंवा फिल्मवर छापून आली आणि तिथून धातूवर उतरली की संगणकाचं काम संपलं. पुढचं सगळं हाताचं. सॉफ्टवेअर घेताना हे लक्षात असेल तर बरेच पैसे वाचतात.

दुसऱ्याच्या धंद्याचं सॉफ्टवेअर घेणं

लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांकडे कोरलड्रॉ असतं, म्हणून आपणही तेच घ्यायचं असं अनेक जण ठरवतात. विकत घेणं परवडत नाही, मग कुणाकडून तरी क्रॅक केलेली कॉपी येते. ती घेऊ नका. बेकायदेशीर तर ती आहेच, शिवाय तिच्यासोबत व्हायरस येतो आणि एक दिवस ती उघडतच नाही. इलस्ट्रेटर उत्तम आहे, पण २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतात. महिन्याला दोन-चार डिझाइनं काढणाऱ्याने ती वर्गणी भरत राहण्यात अर्थ नाही. लाइटबर्न आणि ईझीकॅड ही लेसर मशीन चालवण्यासाठी आहेत. मशीनच नसेल तर त्यांचा विचारही करायला नको.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरपासून करा. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. कोरलच्या जुन्या फाइलीही त्यात बऱ्याचदा उघडतात. दुसरा चांगला पर्याय अफिनिटी. २०२४ मध्ये कॅनव्हाने ते बनवणारी कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून हे सॉफ्टवेअर मोफत झालं. फक्त कॅनव्हाचं खातं उघडावं लागतं.

आयपॅडवर प्रोक्रिएट वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. त्यातलं चित्र पिक्सेलचं, म्हणजे ठिपक्यांचं असतं; व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठं केलं तरी स्वच्छ राहणाऱ्या रेषांचं नसतं. मोठं केलं की कडा फुटतात. तरी ते टाकाऊ नाही. कॅनव्हास प्रत्यक्ष मापाचा आणि ६०० डीपीआयचा (एका इंचात ६०० ठिपके) घेतला तर कच्चं रेखाटन म्हणून ते छान कामी येतं.

देवनागरी तपासून न पाहणं

आपल्याकडे नावं, शुभाशीर्वाद, राजमुद्रा अशी कामं सतत येतात. म्हणून सॉफ्टवेअर पक्कं करण्याआधी त्यात युनिकोड फाँटने ‘वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ हा राजमुद्रेतला शब्द टाइप करून पाहा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडली, रफार डोक्यावर चढला नाही किंवा ष्ण फुटून मध्ये हलंत दिसू लागला, तर ते सॉफ्टवेअर आपल्या कामाचं नाही. अफिनिटीच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं अशीच तुटत असत, त्यामुळे हातात असलेली आवृत्ती आधी तपासा. इलस्ट्रेटरमध्येही भारतीय लिपींसाठीची सेटिंग निवडल्याशिवाय अक्षरं नीट जुळत नाहीत. इंकस्केपमध्ये ती जुळतात.

तिथे अडचण वेगळीच येते. मुक्तासारख्या चांगल्या मोफत फाँटमध्येही शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. काळ्या भरावात ते कळत नाही. भराव काढून नुसती बाह्यरेषा ठेवली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषेत उभी चीर दिसते आणि घाईत असलेला कारागीर ती चीरही कोरून टाकतो. उपाय सोपा आहे. मजकुराचं पाथमध्ये (नुसत्या आकाररेषांमध्ये) रूपांतर करा, ग्रुप सोडवा, सगळी अक्षरं निवडून युनियन करा, म्हणजे ती जोडून एकच आकार करा. शिरोरेषा सलग होते. हे करण्यापूर्वी मूळ मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा, कारण नंतर नावातलं शुद्धलेखन बदलता येत नाही.

ऑटो ट्रेसवर विसंबणं

जुन्या वेलबुट्टीचा फोटो टाकला, ट्रेसचं बटण दाबलं आणि एका रेघेच्या दोन रेघा झाल्या, ही तक्रार फार ऐकू येते. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. साधा ट्रेस रेघेला एक आकार समजतो आणि तिच्या दोन्ही कडांवरून फिरतो. ग्रेव्हरला हवी असते मधली एकच रेषा. इंकस्केपच्या १.० आवृत्तीपासून (२०२०) मध्यरेषेचा ट्रेस मिळतो, तो निवडा. पण वेलीला जिथे फाटा फुटतो तिथे तोही गोंधळतो.

म्हणून फोटो खालच्या लेयरवर फिकट करून लॉक करावा आणि वर पेन टूलने हाताने रेषा काढावी. नोड (रेषेला आकार देणारे बिंदू) जितके कमी तितका वळसा गोड. दर दोन-तीन मिलिमीटरला नोड टाकला की वळशाला मध्येच सपाट पोट येतं. पडद्यावर ते चालून जातं, पण चकाकत्या चांदीवर लगेच डोळ्यांत भरतं. इंकस्केपमधला स्पायरो मोड वापरून पाहा. वेलीचा वळसा आत जाताना सारखा आवळत गेला पाहिजे, आणि स्पायरो ते फार सुंदर साधतो.

छायेच्या बारीक रेघा मात्र संगणकात काढत बसू नका. ग्रेव्हर थोडा कलला, थोडा खोल गेला की रेघ रुंदावते. ती जाड-बारीक लय हातातूनच येते. छापून घ्यायचा तो फक्त सांगाडा.

मापाचा घोटाळा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. झाकण ४५ मिमीचं आणि नक्षी कधी ४३ची, कधी ४८ची. कारणं बहुधा यांपैकी असतात.

पहिलं, प्रिंटरची ‘फिट टू पेज’ सेटिंग. ९६ टक्क्यांवर छापलं की ४५चे ४३.२ होतात. नेहमी १०० टक्के किंवा ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ निवडा. प्रत्येक डिझाइनच्या कोपऱ्यात ५० मिमीची एक रेघ ठेवा आणि छापल्यावर ती व्हर्नियरने मोजा. रेघ चुकली तर कागद धातूजवळ नेऊच नका.

दुसरं, जुनी फाइल. इंकस्केपमध्ये ०.९२ आवृत्तीपासून (२०१७) एका इंचात ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरले जातात. त्याआधीची फाइल माप न सुधारता उघडली तर ४८ मिमीचं वर्तुळ ४५ मिमीचं होतं. उघडताना जो प्रश्न विचारला जातो, तो वाचून उत्तर द्या.

तिसरं, रेघेची जाडी. इंकस्केप मूळ सेटिंगमध्ये रेघेच्या जाडीसकट माप दाखवतं. अर्धा मिमी जाडीच्या रेघेचं ४५ मिमीचं वर्तुळ तिथे ४५.५ दिसतं. प्रेफरन्सेसमध्ये ‘जॉमेट्रिक बाउंडिंग बॉक्स’ (जाडी सोडून माप) निवडा. तसंच चौपट मोठं काढलेलं डिझाइन लहान करताना जाडीही सोबत घटेल असं बटण वर चालू आहे ना, ते पाहा. बंद असेल तर ०.४ मिमीच्या रेघा तशाच राहतात आणि पाकळ्या काळ्या गोळ्यांत बुडतात.

चौथं, कडं. बांगडीचं २.६ हे माप म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश, सुमारे ६०.३ मिमी, आणि तेही आतल्या व्यासाचं. नक्षी बाहेरून येते. पत्रा २ मिमी जाड असेल तर बाहेरचा व्यास ६४.३ आणि घेर सुमारे २०२ मिमी. आतल्या व्यासावरून पट्टी काढली तर ती १८९.५ भरते आणि शेवटचं फूल पहिल्याला भेटतच नाही. आधी २०२ला फुलांच्या संख्येने भागा, मग एक फूल काढा.

छापताना

६०० डीपीआयच्या लेसर प्रिंटरचा एक ठिपका सुमारे ०.०४ मिमीचा असतो. रेघ ०.१ मिमीपेक्षा बारीक ठेवली तर ती तुटक येते. रंग पूर्ण काळाच ठेवा, कारण करडी रेघ प्रिंटर ठिपक्यांत फोडतो. टोनर बचतीची सेटिंगही बंद असू द्या.

टोनर अ‍ॅसिटोनने धातूवर उतरवताना कागद पालथा पडतो, म्हणून छाप आरशातली हवी. फिल्मचंही तसंच. अपवाद फक्त लाखेवर उठवायच्या मोहोरेचा. तिथे धातूवरच अक्षरं उलटी हवी असतात, म्हणून छाप सरळ ठेवायची. राजमुद्रेचं लॉकेट गळ्यात घालून वाचायचं असतं, ते मोहोरेत मोडत नाही. ऑर्डर घेतानाच गिऱ्हाइकाला विचारून फाइलच्या नावात ‘आरसा’ किंवा ‘सरळ’ असं लिहून ठेवा.