डीडीबी प्रॉम्प्टवर अडकलेलं ओपनबीएसडी मशिन: या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ऐन रंगात आले होते, तेवढ्यात एका अडत दुकानातून दिवाणजींचा फोन आला. "दादा, नेट गेलंय. कोपऱ्यातल्या मशिनवर काळा पडदा आलाय, खाली डीडीबी असं लिहिलंय. बटण दाबून बंद करू का?"

"नको दिवाणजी. आधी मोबाइलवर फोटो काढा."

ते मशिन म्हणजे दुकानाची फायरवॉल, इंटरनेट आणि दुकानाच्या मधला पहारेकरी. त्यावर ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते. आत काहीतरी बिघडलंय हे कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला कळलं, की डेटाची वाट लावण्यापेक्षा तो जागीच थांबतो. याला पॅनिक म्हणतात. ओपनबीएसडी अशा वेळी डीडीबी हा डीबगर (बिघाड शोधायचं साधन) उघडून आपली वाट बघत बसते.

घाईनं पॉवर बटण दाबणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. बिघाडाचा पुरावा तेव्हा मेमरीत असतो आणि वीज गेली की तोही गेला. म्हणून आधी 'शो पॅनिक' (काय बिघडलं), मग 'ट्रेस' (कर्नल कुठल्या वाटेनं तिथे पोचला), मग 'पीएस' (प्रोग्रॅमची यादी) टाइप करा आणि प्रत्येक पडद्याचा फोटो घ्या. यादी लांब असली तर ती पानापानानं थांबते, मधलं पान सुटू देऊ नका.

पुष्कळ जण इथे लॉगिनचं नाव, पासवर्ड टाइप करत बसतात. हा नेहमीच्या कमांड द्यायचा शेल नव्हे. सगळे प्रोग्रॅम थांबलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या मशिनवरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) करूनही उपयोग नाही.

'कंटिन्यू' जपून वापरा. डीडीबी कन्सोलवरून (मशिनच्या स्वतःच्या कीबोर्डवरून) उघडायची सोय चालू असेल, तर चुकून कंट्रोल-ऑल्ट-एस्केप दाबल्यानंही तो उघडतो. तेव्हा 'शो पॅनिक' सांगतं की पॅनिक झालेलंच नाही. मग 'कंटिन्यू' केलं की काम होतं तिथून पुढे चालू. खरं पॅनिक असेल तर मात्र त्या वाटेला जाऊ नका.

फोटो झाले की 'बूट क्रॅश' द्या. मेमरीची नक्कल स्वॅपमध्ये (डिस्कवरची मेमरीला पूरक जागा) लिहून मशिन रीबूट होतं आणि पुढच्या बूटला ती व्हार-क्रॅश फोल्डरात येते. स्वॅप रॅमपेक्षा लहान असेल तर ही नक्कल मिळेल असं धरून चालू नका. साधं 'बूट रीबूट' द्या. 'बूट सिंक' डिस्कवर लिहायचा प्रयत्न करतं, पण पॅनिकनंतर ते तिथेच अडकू शकतं. बूट होताना एफएससीके हा प्रोग्रॅम डिस्क तपासेल, तेव्हा मध्येच वीज तोडू नका.

आता माझ्या मनाला लागलेली चूक. तासगावच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधलं मशिन रात्री असंच थांबलं. तिथे कीबोर्डजवळ माणूस नव्हता. सकाळी जाऊन मी दोन शब्द टाइप केले, तोवर नेट बंदच. माणूस नसलेल्या जागी ईटीसी फोल्डरातल्या सिससीटीएल डॉट कॉन्फ फाइलमध्ये 'डीडीबी डॉट पॅनिक' ची किंमत ० ठेवा. मग मशिन वाट न बघता आपोआप रीबूट होतं. मूळ किंमत १ असते. हे मशिन बसवतानाच करायला हवं होतं.

पॅनिक पुन्हा पुन्हा येत असेल तर जुने फोटो शेजारी ठेवून बघा. दर वेळी ट्रेस वेगळाच असेल तर आधी रॅम आणि पॉवर सप्लायवर संशय घ्या. तोच तो ट्रेस येत असेल तर बग असण्याची शक्यता जास्त. फोटो आणि डीमेसेज या कमांडचं (कर्नलच्या नोंदी दाखवणारी) आउटपुट जोडून ओपनबीएसडीच्या डेव्हलपरांना कळवा.