पाळी चुकली? मग निदान या चुका टाळा

पाळी लांबली की पहिला प्रश्न एकच: दिवस गेलेत का? त्याचं उत्तर मिळेपर्यंत थायरॉइड नको, सोनोग्राफी नको आणि गोळी तर मुळीच नको. ओपीडीत मी हे इतक्या वेळा म्हणते की आमच्या सिस्टर आता माझ्या आधीच बोलून मोकळ्या होतात. तरी पुढची पेशंट आत येते ती ‘पाळी आणायची गोळी’ घेऊनच.

या गोळीवर माझा विशेष राग आहे, म्हणून आधी तीच.

बीजकोशातून बीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार व्हायला लागतं. गर्भ राहिला नाही तर ते घटतं आणि गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. हीच पाळी. गोळीत त्याच जातीचं हार्मोन असतं. काही दिवस घेऊन थांबवली की पातळी घसरते आणि बहुधा आठवडाभरात अंगावरून जातं. ते जातं गोळी थांबल्यामुळे. बीजकोशाचं काम का अडलं होतं, ते सुरू झालं का, याचा त्यातून काहीही पत्ता लागत नाही. आम्हीही ही गोळी देतो, पण टेस्ट निगेटिव्ह आल्यावर. दिवस गेले असतील तर तिने पाळी येत नाही आणि गर्भही पडत नाही. या दोन्ही आशांवर ती घेणाऱ्या मी बघत आले आहे.

एक बाई जाडजूड फाइल घेऊन आल्या होत्या. थायरॉइड, साखर, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन, ते वाढलं की पाळी लांबते), सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावलेले. मैत्रिणीच्या जुन्या चिठ्ठीवर गोळी आणली होती. ती संपल्यावर दोन दिवस थोडे डाग लागले, तीच पाळी म्हणून धरली. पुढच्या महिन्यात पुन्हा चुकली, पुन्हा तीच गोळी. मळमळायला लागलं, ते ॲसिडिटीच्या खात्यात गेलं. एवढ्या कागदांत लघवीची तपासणी तेवढी नव्हती. “ते शक्यच नाही हो डॉक्टर, आम्ही काळजी घेतो ना.” मी काही न बोलता लघवीसाठी डबी पुढे केली. दोन रेषा आल्या. सोनोग्राफीत अकरा आठवडे भरलेले. गर्भ व्यवस्थित होता, त्यांना मूलही हवं होतं, म्हणून निभावलं. पण फॉलिक ॲसिडची सगळ्यात जास्त गरज असते ते सुरुवातीचे आठवडे केव्हाच निघून गेले होते. गर्भ नको असता तर पर्यायही त्याच दिवसांत कमी होत गेले असते. ‘काळजी घेतो’ हे उत्तर मी ऐकून घेते आणि टेस्ट करतेच. शंभर टक्के खात्रीचं कुठलंच साधन नाही.

याच्या उलट टोकाची मंडळी म्हणजे उतावीळ. संबंध आल्यावर चौथ्या दिवशी टेस्ट, निगेटिव्ह, सुटलो! टेस्ट जे हार्मोन शोधते ते गर्भ अस्तरात रुजल्यावरच बनायला लागतं. पाळीची तारीख उलटू द्या, सकाळची पहिली लघवी घ्या आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचा. अर्ध्या तासाने उमटलेल्या पुसट रेषेवर रडू नका आणि नाचूही नका. निगेटिव्ह येऊनही पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा करा. पाळी मुळातच अनियमित असेल तर शेवटच्या संबंधानंतर २१ दिवस मोजा.

मोजण्याचा घोळ तर वेगळाच. “महिन्यातून दोनदा आली!” कधी? ३ मेला आणि ३१ मेला. बाई, हे २८ दिवस झाले, याहून नियमित काय असायचं? पाळी सुरू झाल्याच्या दिवसापासून पुढची सुरू होईल त्या दिवसापर्यंत मोजायचं. थांबल्यापासून नव्हे आणि कॅलेंडरचा महिना बदलला म्हणूनही नव्हे. प्रौढ बायकांत २१ ते ३५ दिवसांचं चक्र ठीक, पाळी नुकती सुरू झालेल्या मुलींत ४५ पर्यंतही चालतं. चार दिवस इकडेतिकडे होणं हा आजार नाही. मी कागदावर लिहायला सांगते. ॲप वापरा हवं तर, पण त्यातली बीज सुटण्याची तारीख हा अंदाज असतो. बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं. चाळीस दिवसांचं चक्र असेल तर ते सव्विसाव्या दिवसाच्या आसपास. अनियमित पाळीत ‘सेफ दिवस’ काढत बसणं म्हणजे नशिबावर हवाला.

सोनोग्राफीत बारीक गाठी दिसल्या की पीसीओडीचा (बीज नियमित न सुटण्याच्या, हार्मोनच्या विकाराचा) शिक्का मारून मोकळं होणं, ही आणखी एक फॅशन. २००३ मध्ये ठरलेल्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी लागतात: बीज नियमित न सुटणं, पुरुषी हार्मोनची वाढ (चेहऱ्यावर दाट केस, हट्टी मुरुमं किंवा रक्ताच्या रिपोर्टमध्ये) आणि सोनोग्राफीतलं चित्र. तेही थायरॉइड, प्रोलॅक्टिनसारखी कारणं बाजूला सारल्यावर. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं २०२३ चे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. अठरा वर्षांच्या मुली तो रिपोर्ट दाखवत “मला मूल होणारच नाही ना?” विचारतात तेव्हा शिक्का मारणाऱ्याचा मला राग येतो. बीज कधीकधी सुटतं, म्हणून अशांना नकळत दिवसही जातात.

बाकीच्या पटापट. गर्भनिरोधक गोळ्यांच्या मधल्या सुट्टीत येतं ती खरी पाळी नाही, त्यावरून ‘माझी पाळी नियमित’ म्हणू नका. संबंधानंतर घ्यायच्या इमर्जन्सी गोळीनंतर पाळी पुढेमागे होते. आठवड्याहून जास्त लांबली तर टेस्ट करा. बाळ अंगावर पितंय आणि पाळी आली नाही, तरी दिवस जाऊ शकतात, कारण बीज आधी सुटतं आणि पाळी नंतर येते. मानसिक आजारावरच्या काही गोळ्या आणि उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्या प्रोलॅक्टिन वाढवतात. त्यांची नावं डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. झपाट्याने वजन उतरवून किंवा अति व्यायामाने पाळी थांबली तर हाडं ठिसूळ व्हायला लागतात, तिथे फिटनेसची प्रौढी नको. चाळिशीच्या आत पाळी बंद पडली तर ‘लवकर सुटका झाली’ म्हणून घरी बसू नका.

“येत नाही, बरंच आहे” म्हणणाऱ्याही असतात. बीज सुटत नसेल तर प्रोजेस्टेरॉन बनत नाही, इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन एकटंच अस्तर जाड करत राहतं आणि वर्षानुवर्षं तसं चाललं तर कर्करोगाचा धोका वाढतो. नियमित पाळी तीन महिने आली नाही, किंवा अनियमित पाळी सहा महिने, तर दाखवायलाच हवं. पंधरा वर्षांची होऊनही पाळी आलीच नसेल तर त्या मुलीलाही.

मात्र पाळी लांबलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा खांद्यात कळ आली, तर गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत रुजलेला असू शकतो. दोन तास सलग दर तासाला पॅड भिजत असेल तरीही थांबू नका. अशा वेळी माझ्या अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा, आणि शेवटची पाळी कधी आली होती ते तिथे पहिल्या वाक्यातच सांगा.