ब्लॉक परळला नेण्याआधी

मेंदूच्या आवरणाच्या गाठीचा, म्हणजे मेनिंजिओमाचा रिपोर्ट आला आणि खाली 'मार्कर करून घ्यावेत' (म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून बघायच्या चाचण्या) असं लिहिलेलं दिसलं, की गोव्यातली फोंडा-म्हापशाकडची माणसं मुंबईला परळच्या हॉस्पिटलात जायला आधी कोकणकन्या एक्सप्रेसचं तिकीट बघतात. तिकीट मागाहून काढा. आधी लॅबमधून मेणाचा ब्लॉक मागा. नुसत्या रंगवलेल्या काचा, म्हणजे स्लाइड, पुरत नाहीत. प्रत्येक मार्करसाठी ब्लॉकचा तीन-चार मायक्रॉनचा ताजा काप लागतो.

ब्लॉक म्हणजे काडेपेटीहून लहान प्लास्टिकची चौकट, तिच्यावर पांढरं मेण, मेणात नखाएवढा करडा तुकडा, कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. तो नंबर रिपोर्टशी आकडा-आकडा लावून बघा. एकदा घाईत लॅबमधून मीच ए-२ ऐवजी ए-३ नंबरचा ब्लॉक दिला होता. त्यात गाठ नव्हतीच, नुसता ड्यूरा, म्हणजे मेंदूचं जाड आवरण. ती माणसं आठवड्याने परत आली, माझ्याशी धड बोललीही नाहीत. त्यांचं काय चुकलं? म्हणून पॅथॉलॉजिस्टनाच विचारा: पेशींचं विभाजन सर्वांत जास्त कुठल्या ब्लॉकमध्ये आहे, आणि गाठीला लागून मेंदूचा भाग कुठल्यात आलाय? गाठ मेंदूत शिरलेली दिसली तर तेवढ्यावरही ग्रेड २ होते (ग्रेड म्हणजे गाठीचा जोर: १ सर्वांत कमी, ३ सर्वांत जास्त).

ऑपरेशनची नोट, एमआरआयची सीडी, जुने रिपोर्ट सोबत घ्या. ऑपरेशनआधी गाठीचा रक्तपुरवठा बंद केला असेल, तर तो कागद सगळ्यांत वर ठेवा. त्यामुळे गाठीचा काही भाग मरतो, त्याच्या आजूबाजूला केआय-६७ (किती पेशी वाढीच्या मार्गावर आहेत ते दाखवणारा मार्कर) वाढलेला दिसतो, आणि तपासणाऱ्याला हे ठाऊक नसलं तर ग्रेड उगाच वर जाऊ शकते. तुकड्यात हाड असेल तर ते आम्लात मऊ केलं होतं का, हेही लिहून घ्या. आम्लाने काही मार्कर नीट उठत नाहीत.

केआय-६७ ची टक्केवारी बघून रात्रभर जागू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात ग्रेडसाठी विभाजनं मोजतात: मोठ्या भिंगाखालच्या दहा क्षेत्रांत ४ ते १९ असली तर ग्रेड २, २० किंवा जास्त असली तर ग्रेड ३. केआय-६७ त्या मोजणीला फक्त दुजोरा देतो. पीएचएच-३ या मार्करमुळे विभागणाऱ्या पेशी चटकन सापडतात. पी-१६ किंवा एमटॅप हे मार्कर हरवलेले दिसले तर सीडीकेएन-२ए हे पेशींच्या वाढीला आवर घालणारं जनुक गेल्याची शंका येते. त्याच्या दोन्ही प्रती गेल्याचं जनुक-चाचणीत ठरलं तर थेट ग्रेड ३. त्या चाचणीचा खर्च आधीच विचारून ठेवा. आणि हो, पुरुषाच्या रिपोर्टवर प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हार्मोनचा रिसेप्टर पॉझिटिव्ह आला म्हणून दचकू नका. या गाठीत तो असतोच बऱ्याचदा, विशेषतः ग्रेड १ मध्ये.

एप्रिलच्या उन्हात ब्लॉक गाडीच्या काचेमागे ठेवू नका, मेण मऊ पडतं. सगळे ब्लॉक एकदम उचलू नका. दिलेल्याची पावती घ्या, आणि काम झालं की ब्लॉक आमच्याकडे परत आणून द्या.