उत्तर येतं, पण लिहिता येत नाही: लेखन-चौकट कशी बनवावी आणि कशी काढून घ्यावी

तोंडी विचारलं की भडाभडा सांगणारं मूल वहीत मात्र दीड ओळीवर थांबतं, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. बारा वर्षांच्या एका मुलीला मी प्रश्न दिला होता, "वारा असला की ओले कपडे लवकर का वाळतात?" तिने लिहिलं: "वारा असतो म्हणून कपडे लवकर वाळतात कारण वारा लागतो." वही मिटायला सांगून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर ती हातवारे करत सांगू लागली: कपड्यातल्या पाण्याची वाफ होते, ती कपड्याजवळच घुटमळते, वारा तिला घेऊन जातो, मग नव्या वाफेला जागा होते. सगळं उत्तर तिच्याकडे होतं. कुठून सुरू करायचं, कशाला काय जोडायचं आणि कुठे थांबायचं, एवढंच तिला सापडत नव्हतं.

लेखन-चौकट ही नेमकी या अडचणीसाठी असते. उत्तराचा सांगाडा आपण द्यायचा, आशय मुलाने भरायचा. इमारत बांधताना परांची उभारतात, तसंच हे. शिक्षणात ही उपमा रुळली ती 1976 मध्ये डेव्हिड वूड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी लिहिलेल्या एका शोधनिबंधामुळे. तीन ते पाच वर्षांची मुलं लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचत असताना मोठ्या माणसाची मदत कशी कामी येते, हे त्यांनी पाहिलं होतं. मूल अडलं की हात पुढे, जमू लागलं की हात मागे, हा त्या मदतीचा गाभा. पुढे 1990 च्या दशकात इंग्लंडमध्ये मॉरीन लुईस आणि डेव्हिड रे या शिक्षणतज्ज्ञांनी माहितीपर लेखनासाठी चौकटींचा वापर रुळवला. आज ठिकठिकाणी तयार तक्ते मिळतात, पण त्यांतले बरेचसे हात पुढे करून तिथेच थांबतात. परांची काढायची असते, हे त्यांच्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

आधी उत्तर स्वतः लिहा

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच आहे. मुलाने जसं उत्तर लिहावं असं वाटतं, तसं ते आपण कागदावर उतरवायचं. मनातल्या मनात नाही, खरोखर लिहायचं, आणि मुलाच्या भाषेत लिहायचं. कपड्यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं झालं:

"सुरुवातीला कपड्यातल्या पाण्याचे बाष्पीभवन होत असते. त्यामुळे कपड्यालगतची हवा दमट होते. असेच चालू राहिले तर बाष्पीभवन मंदावते. पण वारा आला की ही दमट हवा दूर जाते आणि तिच्या जागी कोरडी हवा येते. परिणामी बाष्पीभवनाचा वेग वाढतो, म्हणून कपडे लवकर वाळतात."

आता यातला आशय झाका आणि सांधे तेवढे उघडे ठेवा:

सुरुवातीला ________ होत असते.
त्यामुळे ________.
असेच चालू राहिले तर ________.
पण ________ की ________.
परिणामी ________, म्हणून ________.

चौकट तयार झाली. ती चांगली आहे की नाही, हे पाहायला मी दोन कसोट्या लावते. पहिली: रिकामी जागा एका शब्दाने भरता येते का? येत असेल, तर ती 'गाळलेल्या जागा भरा' झाली. रिकाम्या जागेत एक अख्खा विचार मावला पाहिजे. दुसरी: हीच चौकट त्याच जातीच्या दुसऱ्या प्रश्नाला चालते का? "भांड्यावर झाकण ठेवलं की पाणी लवकर का उकळतं?" हा प्रश्न घेऊन पाहा. सुरुवातीला पाणी तापताना वाफ बाहेर जात असते. त्यामुळे बरीच उष्णताही निघून जाते. असेच चालू राहिले तर उकळी यायला वेळ लागतो. पण झाकण ठेवले की वाफ अडते. परिणामी उष्णता आत राहते, म्हणून पाणी लवकर उकळते. चालली. म्हणजे ही चौकट एका प्रश्नापुरती नाही, "असं का होतं" या विचाराची आहे.

प्रश्न कोणत्या जातीचा, ते ओळखायला शिकवा

"कारणे द्या", "फरक स्पष्ट करा", "वर्णन करा", "तुमचे मत लिहा" या चार सूचना म्हणजे चार वेगवेगळी कामं आहेत. अनेक मुलं चारही ठिकाणी एकच काम करतात: त्या विषयाबद्दल आठवेल ते लिहून काढतात. म्हणून चौकट हातात देण्याआधी प्रश्नातल्या या शब्दाखाली रेघ मारायला लावते आणि विचारते, "हा तुला काय करायला सांगतोय?" कारणाच्या उत्तरात साखळी लागते, फरकाच्या उत्तरात जोड्या, मताच्या उत्तरात बाजू. वर्णनाला फारशी चौकट लागत नाही. 'बाहेरून आत' किंवा 'आधी-नंतर' एवढा क्रम पुरतो.

फरकाचं उदाहरण घेऊ: बाष्पीभवन आणि उत्कलन. मुलं आधी एकाबद्दल सगळं लिहितात, मग दुसऱ्याबद्दल सगळं, आणि फरक शोधायचं काम वाचणाऱ्यावर सोडतात. इथे वाक्यांच्या आधी तीन रकान्यांचा तक्ता द्यावा: 'कशाबाबत', 'पहिले', 'दुसरे'. खरी मेख पहिल्या रकान्यात असते. तापमान, जागा, वेग हे तुलनेचे मुद्दे मुलालाच शोधू द्या. ते मिळाले की वाक्याची चौकट छोटीशीच लागते: "________ चा विचार केला तर, पहिले ________, तर दुसरे ________." तापमानाचा विचार केला तर, बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला होते, तर उत्कलन ठरावीक तापमानालाच होते. जागेचा विचार केला तर, बाष्पीभवन फक्त पृष्ठभागावरून होते, तर उत्कलनात द्रवात सगळीकडे बुडबुडे तयार होतात.

वाक्याची शेपूटही द्या

इंग्रजीतून उतरवलेल्या चौकटींत फक्त वाक्यांच्या सुरुवाती असतात आणि पुढे लांबलचक रेघ. इंग्रजीत ते भागतं, कारण तिथे क्रियापद लवकर येतं आणि वाक्याची दिशा ठरते. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि अर्थ जोडण्याचं कितीतरी काम प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं करतात: -मुळे, -साठी, -पेक्षा, -ऊनही (जसं 'असूनही'). "या घटनेचे मुख्य कारण..." अशी सुरुवात देऊन सोडलं, की मूल वाक्याच्या मध्यावर हरवतं आणि शेवटी कर्ता-क्रियापदाचा मेळ बसत नाही. त्यापेक्षा "________ मुळे ________ होते" किंवा "________ असूनही ________ नाही" अशी मधून-शेवटून धरलेली चौकट मराठीत जास्त आधार देते.

'कारण' आणि 'म्हणून' यांवर एक तास वेगळा खर्च करावा असं मी आग्रहाने सांगेन. 'कारण'च्या आधी परिणाम येतो आणि नंतर हेतू किंवा कारण. 'म्हणून'चं नेमकं उलट. सुरुवातीला सांगितलेल्या मुलीच्या वाक्यात दोन्ही होते, म्हणूनच ते गोल फिरून वाऱ्यापाशीच आलं. "वारा होता म्हणून कपडे लवकर वाळले", "कपडे लवकर वाळले कारण वारा होता" ही दोन वाक्यं फळ्यावर वर-खाली लिहा आणि बाण काढायला लावा. मग विचारा, "वाऱ्याने नेमकं काय केलं?" उत्तराचा हरवलेला मधला भाग तिथे सापडतो.

वर्गात क्रम असा ठेवा

आधी बोलणं. जोडीने एकमेकांना उत्तर सांगू द्या. चौकटीतले जोडशब्द, म्हणजे 'त्यामुळे', 'पण', 'परिणामी' असे वाक्यं जोडणारे शब्द, फळ्यावर ठेवा आणि बोलताना ते वापरायची अट घाला. जे तोंडातून निघालं नाही ते वहीत उतरणं अवघड. मग एक उत्तर सगळ्यांनी मिळून फळ्यावर लिहा. इथे शिक्षकाने आपला विचार मोठ्याने बोलून दाखवावा: "इथे 'त्यामुळे' लिहू का 'पण'? मागच्या वाक्यात वेग मंदावला म्हटलं, आता वाढला म्हणायचंय, म्हणजे दिशा बदलली, म्हणजे 'पण'." खोडा, पुन्हा लिहा. चांगलं उत्तर पहिल्या फटक्यात येत नाही, हे मुलांना दिसलं पाहिजे. त्यानंतरच कोरी चौकट आणि नवा प्रश्न.

एक खबरदारी. ज्या मुलाला विषयच कळलेला नाही, त्याला चौकट उपयोगी पडत नाही. तो रकाने कसेबसे भरतो आणि उत्तर वरवर नीटनेटकं दिसतं. म्हणून तपासताना मी जोडशब्दाच्या दोन्ही बाजू वाचते. 'परिणामी'च्या पुढे खरंच परिणाम आहे का? नसेल, तर लाल रेघ न मारता समासात एवढंच लिहिते: "कशाचा परिणाम?"

काढून कधी घ्यायची

एका वर्षी ही चूक माझ्याकडून झाली. चौकटींमुळे वह्या सुधारलेल्या पाहून मी त्या वर्षभर तशाच देत राहिले. परीक्षेत कोऱ्या कागदासमोर अर्धा वर्ग अडकला. बाकीच्यांनी मताच्या प्रश्नालाही "सुरुवातीला ________ होत असते" याच साच्यात कोंबलं. एका मुलाने "यावरून असे दिसते की" एवढं लिहून पुढची ओळ मोकळी सोडली होती. तो कागद मला बराच काळ छळत राहिला. माझ्या आधाराने त्याचा विचार पुढे नेण्याऐवजी त्याची जागा घेतली होती.

तेव्हापासून चौकट देतानाच ती कशी झिजत जाणार हे ठरवून ठेवते. पहिल्या दोन-तीन उत्तरांना पूर्ण चौकट. मग फक्त जोडशब्द, समासात, कोणत्याही क्रमाने. त्यानंतर जोडशब्दही नाहीत, फक्त प्रश्न: आधी काय होतं? काय बदललं? त्यामुळे काय झालं? शेवटी काहीच नाही. प्रत्येक मूल एकाच दिवशी पुढच्या पायरीवर जाईल असं नाही. ज्याला जमतंय त्याला जास्तीचा आधार अडथळा होतो, म्हणून त्याच्याकडून चौकट लवकर काढा. ज्याला जमत नाही त्याला पायरीवर आणखी एक उत्तर लिहू द्या, पण तिथे मुक्काम करू देऊ नका. चौकट मोडून कुणी स्वतःच्या वाटेने नीट उत्तर लिहिलं, तर ते वर्गाला वाचून दाखवा.

मताच्या उत्तरांत तर हे फार लवकर करावं लागतं. "माझ्या मते... कारण... काही जण म्हणतील... तरीही..." ही चौकट एक-दोनदा छान चालते. तिसऱ्या वेळी सगळ्या वह्या एकाच माणसाने लिहिल्यासारख्या वाटू लागतात. तिथे एकच गोष्ट शिल्लक ठेवा: विरुद्ध बाजू एकदा तरी प्रामाणिकपणे मांडायची. ती कुठे मांडायची, हे मुलाला ठरवू द्या. स्वतःचा अनुभव किंवा कविता लिहिताना मात्र चौकट देऊच नये. तिथे काय आधी यावं हाच लिहिणाऱ्याचा शोध असतो.

शेवटच्या टप्प्यावर मी मुलांना उत्तर लिहायला न सांगता फक्त चौकट बनवायला सांगते. तीन प्रश्न, प्रत्येकी दोन मिनिटं, कागदाच्या कोपऱ्यात चार-पाच शब्द. ती कपड्यांच्या उत्तराची मुलगी आता पेन टेकवण्याआधी समासात बारीक अक्षरात लिहिते: "आधी – अडतं कुठे – वारा काय करतो – म्हणून". 'अडतं कुठे' हा शब्द मी तिला कधीच दिला नव्हता.